कबुतरखान्याचं दार

१

रोज सकाळी साडेनऊ वाजता निवेस ताम्बुरी स्पेरांझा नाट्यगृहाचं पुढचं दार उघडायची, पायऱ्यांवरची कबुतरांची घाण खरवडून काढायची, दिवे लावायची आणि दहाच्या पाहुण्यांची वाट बघत उभी राहायची. पाहुणे आले की ती त्यांना मोजून आत घ्यायची आणि आतून दाराला कुलूप लावायची. दाराशी बसायला दुसरं माणूस नव्हतं, आणि उघडं दार दिसलं की मोन्तेराव्हो गावची माणसं नुसत्या सावलीसाठीही आत शिरतात. इमारत दाखवायची फेरी पंचवीस मिनिटांची असे. मध्येच कुणी बाहेर सोडा म्हणालं, तर ती न चिडता सांगायची, "थांबा थोडं, संपतच आलंय."

निवेस पंचावन्न वर्षांची होती. चौदाव्या वर्षी तिनं शाळा सोडली. पुढं जे काही शिकली ते या इमारतीत, आणि एकोणिसाव्या वर्षापासून रोज लिहीत आलेल्या वह्यांत. वारा कुठून होता, छत कुठं गळलं, कुठल्या सज्ज्याची मखमल उंदरांनी कुरतडली, सगळं त्यात तारीखवार होतं. नूतनीकरणाच्या नऊ वर्षांत कुठली वीट कुणी बसवली हे ठेकेदाराला आठवत नसे, तेव्हा तो तिच्या वह्या मागायला यायचा.

काम सुंदर झालं होतं, हे ती नाकारत नव्हती. सज्ज्यांचे तीन मजले पुन्हा हस्तिदंती आणि सोनेरी झाले होते. छतावरच्या चितारलेल्या देवींना त्यांची नाकं परत मिळाली होती. फक्त सगळ्यांत वरचा, चौथा मजला बंद ठेवला होता. एके काळी तिथं लाकडी बाकांवर दाटीवाटीनं बसून गावातली गरीब माणसं गाणं ऐकायची, आणि गवयी नापसंत पडला की शिट्ट्या मारायची. आता तिथं दिव्यांची यंत्रं होती. त्या मजल्याला गावात कुणी कधी गॅलरी म्हटलं नाही. तो कबुतरखाना.

फेरीत काय बोलायचं ते नगरपालिकेचे संस्कृतीप्रमुख ग्वाल्तिएरो पेन्नेसी यांनी तीन पानांत लिहून दिलं होतं. निवेसनं ते पाठ केलं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, रंगमंचाकडं पाठ करून, चौदा पाहुण्यांसमोर ती म्हणाली, "१९२७ साली किरकोळ दुरुस्तीसाठी नाट्यगृह काही काळ बंद ठेवण्यात आलं."

वरून शिट्टी आली.

तोंडात दोन बोटं घालून मारलेली, लांब, डोंगरातले मेंढपाळ मारतात तशी. पाहुण्यांनी माना वर केल्या. एक म्हातारा म्हणाला, "गवयी पसंत पडलेला दिसत नाही!" सगळे हसले. निवेसही हसली. वर सावरो असणार, नाट्यगृहाचा विजेचा कारागीर; चाळिशी उलटून वीस वर्षं झाली तरी पोरकटपणा जात नाही, असं तिच्या मनात आलं.

फेरी संपवून तिनं दार उघडलं. समोरच्या कॉफीच्या दुकानाबाहेर सावरो पाय पसरून बसला होता. त्याच्यासमोर तीन रिकामे पेले होते.

"इथं कधीपासून बसलायस?" तिनं विचारलं.

"का? माझी हजेरी पण तूच घेतेस होय आता?" सावरो म्हणाला. "साडेनवापासून. त्या बाईला विचार. मला तिसरी कॉफी देताना तिचं तोंड बघायला हवं होतंस."

२

वहीत तिनं लिहिलं: मंगळवार, दहा वाजून अकरा मिनिटं, वारा नाही.

बुधवारी पुन्हा शिट्टी आली. गुरुवारी दोन फेऱ्या होत्या, दोन्ही वेळा आली. शुक्रवारी तिनं 'किरकोळ' हा शब्द गाळून पाहिला, तरी आली. शनिवारी ती वाक्याच्या मध्येच खोकली आणि थांबली. वर शांत. वाक्य पुरं केलं, तशी आली. दहा दिवसांत बारा फेऱ्या झाल्या आणि बारा वेळा शिट्टी आली. दर वेळी त्याच वाक्याच्या शेवटी, दुसरीकडं कुठंही नाही. एका रिकाम्या दुपारी तिनं रंगमंचावर उभं राहून समोरच्या खाणावळीचं पत्रक मोठ्यानं वाचलं. ससा, मसूर, भाजलेली वांगी. वर कुणाला काही हरकत नव्हती.

तिनं सावरोला सांगितलं.

"अगं, वाऱ्याची नळी आहे ती," सावरो म्हणाला. "नवीन हवेची यंत्रणा बसवली ना! तुझा आवाज ठराविक पट्टीत गेला की नळी बोलते. माझ्या बायकोच्या आवाजानं आमची कपाटाची काच बोलते."

"मग वर जा. मी वाचते. कुठली नळी ते मला बोट दाखवून सांग."

तो नव्या जिन्यानं वर गेला. खालून तिला कठड्यावर त्याचं टक्कल दिसलं, मग तो वाकला, नळीला कान लावला आणि हात हलवला. निवेसनं वाक्य म्हटलं. शिट्टी आली.

सावरोचं डोकं लगेच वर आलं नाही. मग तो उभा राहिला, पण खाली तिच्याकडं न बघता मागं वळून बघत राहिला. बराच वेळ. खाली आला तेव्हा तो हात पुसत होता, हात स्वच्छ असूनही.

"काय मग? नळीच ना?"

"नळीच. दुसरं काय असणार?"

"कुठून आली?"

"मागून."

"मागं काय आहे?"

"मागं भिंत आहे," सावरो म्हणाला. "नळीचं शेपूट असेल तिकडं. हे बघ निवेस, मला मागच्या गल्लीत जनित्र बघायचंय, उगाच वेळ खाऊ नकोस." आणि तो गेला. त्यानंतर वर काही काम निघालं की तो खालून लांब काठीनं भागवू लागला.

मागची भिंत कसली होती ते निवेसला माहीत होतं. तिच्या वहीत तारीख होती. सहा वर्षांपूर्वी तिथं कबुतरखान्याच्या जुन्या जिन्याचं तोंड विटांनी बुजवलं होतं. बासष्ट पायऱ्या, एका माणसाच्या खांद्याइतक्या रुंद, मागच्या गल्लीतून थेट वर. म्हणजे गरिबांच्या बुटांचा चिखल संगमरवराला लागायला नको. जिना काढला असता तर बाहेरची भिंत खचली असती. म्हणून वरचं तोंड बुजवलं, खालचं तोंड बुजवलं, आणि मधल्या बासष्ट पायऱ्या आत तशाच राहिल्या.

३

१९२७ साली कसलीही दुरुस्ती झाली नव्हती.

हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होतं आणि कुठंही लिहिलेलं नव्हतं. निवेसनं ते तुकड्या-तुकड्यांनी जमवलं होतं. फेब्रुवारीतली रात्र, कार्निव्हलचा हंगाम, कबुतरखाना खच्चून भरलेला. दुसऱ्या अंकात वरच्या मजल्यावर विजेची तार जळाली आणि थोडा धूर झाला. कुणीतरी आग म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. पण वरची माणसं जिन्यात शिरली, आणि जिन्याच्या तळाचं दार बाहेरून कुलूपबंद होतं. ते रोजच असायचं. अंक सुरू झाला की कबुतरखान्याचं दार लावायचं आणि अंक संपला की उघडायचं, नाहीतर फुकटे आत शिरतात. अशी पद्धतच होती. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

अकरा माणसं जिन्यात चेंगरून मेली. आणि खाली गाणं चालू राहिलं. सज्ज्यांतल्या लोकांना भिंतीपलीकडून शिट्ट्या आणि पाय आपटणं ऐकू येत होतं. त्यांना वाटलं, कबुतरखाना नेहमीसारखी गवयाची खोड काढतोय. निवेसला त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात चार ओळी सापडल्या होत्या: वरच्या मजल्यानं सवयीप्रमाणं शिट्ट्यांनी स्वागत केलं, तरी प्रयोग यशस्वीरीत्या पार पडला. ती ओळ आठवली की तिच्या डोक्यात तिडीक जायची. यशस्वीरीत्या!

ती पेन्नेसींच्या कार्यालयात गेली. त्यांना सगळे 'दोत्तोरे' म्हणत; मोन्तेराव्होत पदवीचा कागद असला की माणूस दोत्तोरे होतो, मग त्यानं पुढं एकही पुस्तक उघडलं नाही तरी चालतं.

"दोत्तोरे, अकरा नावं आहेत," ती म्हणाली. "चर्चच्या मृत्यूच्या वहीतून उतरवून आणलीत. दाराशी एक फरशी लावा, एवढीशी. आणि ते दुरुस्तीचं वाक्य काढा."

पेन्नेसींनी कागद बोटाच्या टोकानं जवळ ओढला. "निवेसबाई, बावीस जूनला उद्घाटन. राजधानीतून माणसं येणार, हातात वाइनचे पेले असणार. त्यांना मी चेंगरलेली माणसं वाचायला देऊ?"

"चेंगरलेली देऊ नका, नावं द्या. हा एर्मेते मेंढपाळ होता. हे पाचिफिको आणि नाझ्झारेनो, सख्खे भाऊ, वीटभट्टीवर होते. ही दोमित्तिल्ला, कपडे धुवायची. एकोणीस वर्षांची होती."

"शंभर वर्षं होत आली."

"नाट्यगृहाची सव्वादोनशे झाली, ती तर तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलीत!"

पेन्नेसी हसले. चांगला दिसणारा माणूस होता आणि ते त्याला माहीत होतं. "चिडू नका. उलट मी तुम्हालाच विचारणार होतो. उद्घाटनाला इतिहास तुम्ही वाचा. गावचा आवाज, साधं माणूस, लोकांना आवडतं. चार मिनिटं. मात्र माझा कागद."

साधं माणूस. ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. "दोत्तोरे, वरून शिट्टी येते त्या वाक्याला."

"मग सावरोला सांगा. नळी बदलायला."

४

त्या रात्री तिनं स्वतःचा कागद लिहिला. तीन वेळा लिहिला, कारण राग आला की तिचं अक्षर बिघडायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, पुढचं दार बंद ठेवून, ती रंगमंचावर उभी राहिली.

वीटभट्टीवरच्या भावांपासून दोमित्तिल्लापर्यंत तिनं अकरा नावं वाचली. वरून शिट्टी आली नाही. पण जी शांतता होती ती रिकाम्या खोलीची नव्हती. रिकामी खोली कशी ऐकू येते हे निवेसला छत्तीस वर्षांच्या सवयीनं माहीत होतं. लाकूड कुरकुरतं, पडदा सुस्कारतो. आता लाकूडही गप्प होतं. प्रयोगात गवयी अवघड तानेजवळ आला की सगळे श्वास धरतात, तसं.

चला, निदान कुणीतरी ऐकतंय, असं तिला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी स्वतःचं हसू आलं. ती शेवटच्या वाक्यावर आली.

"दाराचा रखवालदार आदेल्मो ताम्बुरी याला त्या वेळी सज्ज्यातल्या एका धनिक घरानं गाडीवान बोलवायला पाठवलं होतं, त्यामुळं किल्ली वेळेवर मिळू शकली नाही."

शिट्टी आली. मग दुसरी. मग एकदम इतक्या, की कागद तिच्या हातात थरथरला. वरून नव्हे, उजवीकडून, भिंतीतून, वरपासून खालपर्यंत, जणू कुणी उभ्या रांगेत एकाखाली एक उभे होते.

मग सगळं थांबलं. रस्त्यावर पावाची गाडी गेल्याचा आवाज आला.

निवेस घाबरली, पण त्याहून जास्त संतापली. "तुमच्यासाठी भांडतेय मी!" ती वर बघून ओरडली. "तुमच्या बाजूनं! आणि मलाच शिट्ट्या?"

आदेल्मो ताम्बुरी तिचा आजोबा होता. गाडीवानाची गोष्ट तिला वडिलांनी सांगितली होती, आणि त्यांना आजीनं. चूक श्रीमंतांची होती. त्यांना स्वतःचा गाडीवान बोलवायला हातपाय नव्हते का? या गोष्टीवर निवेस वाढली होती. तिचा सगळा राग या गोष्टीवर उभा होता.

५

सेत्तीमिया ब्याण्णव वर्षांची होती आणि बेकरीच्या वर राहायची. तिची आई त्या रात्री जिन्यात होती आणि वाचली होती. निवेस तिच्याकडं आजवर कधी काही विचारायला गेली नव्हती. का गेली नाही, हे जिना चढताना तिच्या लक्षात आलं आणि तिला ते आवडलं नाही.

"आलीस?" सेत्तीमिया म्हणाली. "मला वाटलं, आता माझ्या मयतालाच येशील."

"मयताला तुम्ही बोलावणार नाही, आजी, म्हणून आधीच आले."

म्हातारी खूश झाली. तिनं बडीशेपेची दारू ओतली, स्वतःला जास्त. "बोल."

"तुमच्या आईनं दाराबद्दल काही सांगितलं होतं?"

"दुसरं काय सांगितलं तिनं? लोकांच्या आया गोष्टी सांगतात, माझी आई दार सांगायची."

निवेसनं तिला आपला कागद वाचून दाखवला. नावांना सेत्तीमियानं मान हलवली. एका नावाला डोळे पुसले. गाडीवानाशी आल्यावर तिनं पेला खाली ठेवला.

"गाडीवान! हे कुणी शिकवलं तुला?"

"आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे."

"तुमच्या घरी असणारच. तुझा आजोबा तिथंच होता, बाई. गल्लीत, दाराला पाठ लावून, स्टुलावर. थंडी होती ना, फटीतून आतली ऊब येते. माझी आई खालून सातव्या पायरीवर होती. तिला त्याचा आवाज येत होता. आतल्यांना ओरडता येत नव्हतं, छातीत जागाच नव्हती. ज्याचे हात मोकळे होते त्यानं शिट्टी मारली. शिट्टीला दम कमी लागतो. आणि तो बाहेरून म्हणत होता, गप बसा रे हरामखोरांनो, अंक संपल्याशिवाय दार उघडणार नाही."

"खोटं आहे."

"अंक संपला, त्यानं उघडलं. वेळेवर. मिनिटभरही उशीर नाही."

"खोटं आहे!" निवेस उभी राहिली. "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलायला लाज नाही वाटत?"

"मेलेल्या माणसांबद्दलच बोलतेय मी," सेत्तीमिया म्हणाली. "अकरा. तू बाराव्याबद्दल बोलतेयस."

निवेस ताडताड घरी आली. दार लोटलं. त्या दाराला कडी नव्हती. घरातल्या कुठल्याच दाराला कडी नव्हती. आजोबानं सगळ्या काढून टाकल्या होत्या, न्हाणीघराचीसुद्धा, आणि आत कुणी आहे हे कळावं म्हणून तीन पिढ्या आंघोळ करताना गात आल्या होत्या. पाहुणे हसायचे. आजोबाची तऱ्हा, घरातले म्हणायचे. चहाचं भांडं शिट्टी वाजवायच्या आधी आजोबा धावत जाऊन उतरवायचा. वडिलांना लहानपणी शिट्टी वाजवली म्हणून एकदाच मार बसला होता, पण असा की ते सत्तराव्या वर्षीही सांगायचे.

तिनं स्वयंपाकघराचा खण उघडला. चमच्यांच्या मागं कबुतरखान्याच्या दाराची लांब किल्ली होती. आजोबा दर फेब्रुवारीत तिला तेल लावायचा. मग वडील लावत राहिले, मग ती. नोकरीचा अभिमान म्हणून, असं तिला वाटायचं. किल्लीवर गंजाचा ठिपकाही नव्हता. कधीही चालेल अशी ठेवलेली.

त्या दिवशी वहीत तिनं फक्त तारीख लिहिली.

६

बावीस जूनला संध्याकाळी सहा वाजता उन्हं अजून पायऱ्यांवर होती. सज्जे भरले होते. ज्या घराण्यांच्या मालकीचे ते एके काळी होते त्यांची नातवंडं-पतवंडं मुद्दाम आपापल्या जुन्या सज्ज्यात बसली होती आणि एकमेकांना हात करत होती. निवेसनं निळा झगा घातला होता. एका खिशात पेन्नेसींचा कागद, दुसऱ्या खिशात तिचा. आणि त्याच खिशात किल्ली. ती का आणली हे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिच्या कागदावरचं गाडीवानाचं वाक्य तसंच होतं. ते खोडायला तिचा हात धजला नव्हता.

रंगमंचावर उभं राहून तिनं स्वतःचा कागद काढला.

दुसऱ्या ओळीलाच पेन्नेसी खुर्चीतून अर्धवट उठले. पण राजधानीतून आलेली माणसं ऐकत होती, म्हणून ते परत बसले, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून. निवेस वाचत गेली. कुलूप. धूर. चार ओळींची बातमी. सज्ज्यांमधली कुजबुज थांबली. तिनं अकरा नावं वाचली, घाई न करता, प्रत्येकाचा धंदा सांगून. कुणीतरी नाक शिंकरलं. तिला वाटलं, जिंकले. फरशी लागणार. आता कुणाला नाही म्हणता येणार नाही.

"दाराचा रखवालदार," ती म्हणाली, "आदेल्मो ताम्बुरी..."

आणि तिनं वर पाहिलं.

कबुतरखान्यात दिव्यांची यंत्रं होती, त्यांच्या मागं अंधार होता. यंत्रांच्या मधल्या फटींत, कठड्याच्या नव्या सोनेरी पट्टीवर, हात होते. नुसते हात, मनगटापर्यंत. पलीकडं काही दिसत नव्हतं. जाड, कामाचे हात. एका जोडीच्या बोटांवर विटेचा लाल रंग होता, एक जोडी साबणानं पांढरी पडली होती. ते हात पुढं झुकलेल्या माणसांचे होते. ज्यांना गाणं पाठ आहे आणि आता कुठला सूर यायचा आहे हे ज्यांना नेमकं ठाऊक आहे, अशी माणसं जशी झुकतात तसे.

शिट्टी आली नाही. ते वाट बघत होते.

निवेसनं कागद खाली केला.

"आदेल्मो ताम्बुरी माझा आजोबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तो कुठंही गेला नव्हता. तो दाराला पाठ लावून बसला होता. किल्ली त्याच्या खिशात होती. आतून शिट्ट्या येत होत्या आणि तो म्हणत होता, अंक संपल्याशिवाय दार उघडणार नाही. आणि शंभर वर्षं आम्ही घरात गाडीवानाची गोष्ट सांगत आलो."

कठड्यावरचे हात उचलले गेले. सगळे एकदम, प्रयोग संपल्यावर उचलले जातात तसे.

मग उजव्या भिंतीत पावलं वाजू लागली. वरून खाली. बुटांची, खडावांची, एक अनवाणी. सावकाश, एकामागून एक, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. निवेस मोजत होती. तिला मोजल्याशिवाय राहवतच नसे. बासष्टाव्या पायरीवर पहिलं पाऊल थांबलं, आणि त्याच्या मागं बाकीची थांबली.

"वर कोण पाय आपटतंय?" दुसऱ्या मजल्यावरच्या सज्ज्यातून एका बाईचा स्वच्छ आवाज आला. "कबुतरखाना तो कबुतरखानाच राहणार!"

सज्ज्यासज्ज्यांतून हसू फुटलं. सुटका झाल्यासारखं, मोकळं. पेन्नेसी उभे राहून जोरजोरात टाळ्या वाजवू लागले आणि टाळ्या वाजवता वाजवता त्यांनी वाद्यवृंदाला खूण केली. सूर सुरू झाले. दिवे मंदावले. प्रयोग यशस्वीरीत्या सुरू झाला.

निवेसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रंगमंचावरून समोर उतरली नाही. मागच्या बाजूनं, पडद्यांमधून, धावतच गल्लीत गेली.

७

मागची गल्ली उन्हात होती. कुणाच्या तरी खिडकीत टोमॅटोची रोपं होती. सावरो जनित्रापाशी हत्यारांची पेटी उघडून बसला होता. यंत्राच्या घरघरीत आतलं त्यानं काही ऐकलं नव्हतं.

"काय गं, झालं पण भाषण?" तो म्हणाला. "रडवलंस का त्यांना?"

कबुतरखान्याचं छोटं दार तिच्यासमोर होतं. जुन्या भिंतीला शोभा म्हणून ते कुलपासकट ठेवून दिलं होतं. हिरवा रंग देऊन, पितळी पत्रा घासून. तिनं किल्ली घातली. फेब्रुवारीचं तेल होतं. किल्ली सहज फिरली.

"अगं वेडी की काय, मागं विटा आहेत," सावरो म्हणाला.

मागं विटाच होत्या. साध्या, नव्या, सहा वर्षांपूर्वीच्या. निवेसनं त्यांवर तळवा टेकवला. दाराआड कायम सावलीत, तरी विटा गरम होत्या. दाटीनं उभ्या असलेल्या माणसांच्या अंगाची ऊब असते तशी. आणि मग, छातीच्या उंचीवरून, विटांपलीकडून, शिट्टी आली. वरच्यासारखी लांब नव्हती. आखूड, कमी दमाची.

सावरोनं जनित्र बंद केलं. त्याचा रंग उडाला होता. "नळी," तो म्हणाला.

"सावरो, मोठा हातोडा दे."

"हातोडा? पेन्नेसी मला फाडून खाईल."

"दे म्हणते ना!"

"देतो गं, देतो," सावरो म्हणाला. तो घाबरला होता आणि तिला शांत करू पाहत होता. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. "पण आत लोक बसलेत, गाणं चाललंय, ठोकाठोकी ऐकू जाईल. हा अंक तेवढा संपू दे."

विटांमागं एकदम शांत झालं.

निवेसनं त्याच्याकडं बघितलं. मग ती स्वतःच पेटीपाशी वाकली, हातोडा दोन्ही हातांनी उचलला आणि मागं घेतला. तिनं घाव घालायच्या आधीच, ती जिथं घालणार होती नेमक्या तिथं, पलीकडून घाव पडला.